मदत हवी आहे: रोज आठ टँकर विकत आणि एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) पाणी नाल्यात. सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

पुण्यात, २०२१ साली महापालिकेच्या हद्दीत आलेल्या २३ गावांपैकी एका गावात आमची सोसायटी आहे. तीन विंग, १६८ फ्लॅट, माणसं साधारण ६७०. मार्चमध्ये मी सेक्रेटरी झाले आणि पाण्याचा हिशोब पहिल्यांदा नीट वहीत मांडला. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून इथे विचारतेय.

एप्रिलचं चित्र असं. महापालिकेचं पाणी दिवसाला सरासरी ४० हजार लिटर. दोन बोअरपैकी एक फेब्रुवारीतच आटली, दुसरी जेमतेम २५ हजार देते. उरलेलं टँकरचं: १० हजार लिटरचे रोज आठ, एकाला १२०० रुपये. महिन्याला २ लाख ८८ हजार. सगळं धरून रोज १ लाख ४५ हजार लिटर, म्हणजे माणशी २१५ लिटरच्या आसपास. शहरासाठी माणशी १३५ लिटर पुरेसं धरतात, त्यातले ४५ फ्लशचे. आमचा वापर त्याच्या दीडपटीहून जास्त आहे.

आता मुख्य दुखणं. बिल्डरने एसटीपी बांधून दिलाय. फ्लशसाठी वेगळी लाइन आहे, गच्चीवर वेगळी टाकीसुद्धा आहे. पण दोन वर्षांपूर्वी संडासात वास येतो म्हणून तक्रारी झाल्या आणि तेव्हाच्या कमिटीने त्या टाकीला साधं पाणी जोडून टाकलं. लाल दांड्याचा एक व्हॉल्व्ह आहे, तो फिरवला की झालं. तेव्हापासून रोज तीन टँकर पाणी नुसतं फ्लश होतंय, आणि एसटीपीतून निघालेलं पाणी बागेचे १५ हजार लिटर सोडले तर थेट नाल्यात जातंय.

मेच्या सभेत मी टेबलावर दोन काचेच्या बरण्या ठेवल्या. एकीत नळाचं पाणी, एकीत एसटीपीचं. दुसरं किंचित पिवळसर, एवढाच फरक. पहिल्या रांगेतल्या काकूंनी उठून झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "आज ठीक आहे गं, पण परवा?" बरणी तशीच ऑफिसात ठेवली. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर कुजकट वास आला. काकूंचा प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे मला एवढं का लागतं तेही सांगते. माझं माहेर दौंड तालुक्यात. खडकवासला साखळीतल्या चार धरणांचं पाणी मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातच पुणं, त्यातच कालव्यावरची हवेली, दौंड, इंदापूरची शेती. उन्हाळी आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) कधी सुटणार याची वाट बघत भाऊ रोज कालव्यावर चक्कर मारून येतो. तो फोनवर शेताकडे येणाऱ्या कोरड्या चारीबद्दल बोलत असतो आणि इकडे माझ्या खिडकीखाली टँकरचा पाइप गळत असतो. शिवाय टँकरवाला पाणी भरतो तेही आसपासच्या कुठल्यातरी गावच्या विहिरीतून. ते पाणीही कुणाच्या तरी शेताचंच.

तर प्रश्न: एसटीपीचा वास खरोखर जातो का, की तो असणारच? प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवावेत का? (दुसऱ्या मजल्यावरचे आजी-आजोबा दोघंच आहेत आणि सहा जणांच्या घराइतकेच पैसे भरतात. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, पण मला ते बघवत नाही.) आणि पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडल्याने खरंच किती फरक पडतो? सगळं एकदम करायला पैसे नाहीत. आधी काय करू?

— कालवाकाठची

गाळकरी:

ताई, वीस वर्षं हेच काम करतोय. वास असणारच, हे मुळीच खरं नाही. वास आला म्हणजे प्लांटला हवा कमी पडतेय. एक करा, रात्री बारा वाजता स्वतः खाली जा आणि ब्लोअर (प्लांटच्या टाकीत हवा सोडणारं यंत्र) चालू आहे का ते ऐका. बऱ्याच सोसायट्यांत वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवतात. गाळातले जिवाणू प्राणवायूवर जगतात, हवा तोडली की ते मरतात आणि सडणं सुरू होतं.

दुसरं, एक लिटरचं मोजपात्र घ्या. तुमचा प्लांट साध्या गाळाच्या पद्धतीचा (हवेच्या टाकीत गाळ तरंगता ठेवणारा) असेल तर हवेच्या टाकीतलं पाणी त्यात भरून अर्धा तास न हलवता ठेवा. तपकिरी गाळ खाली बसून साधारण २५० ते ४०० मिलीच्या दरम्यान थांबला, वर पाणी नितळ आलं आणि वास ओल्या मातीसारखा असला, तर प्लांटची तब्येत बरी आहे. गाळ काळा आणि वास सडक्या अंड्याचा असेल तर हवा वाढवायलाच हवी.

पाणी नितळ झालं की वाळूचा आणि कार्बनचा फिल्टर, मग क्लोरीन. फिल्टर रोज उलट्या दिशेने पाणी सोडून धुवायचा, तिथे टाळाटाळ चालत नाही. आणि हे पाणी साठवून ठेवायचं नसतं, त्याच दिवशी वापरायचं. बरणीत तीन दिवस बंद ठेवलंत, क्लोरीन उडून गेलं, वास येणारच होता. काकूंना हे सांगा.

सगळ्यात महत्त्वाचं, लाल व्हॉल्व्ह फिरवण्याआधी: फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये जाऊन जेट स्प्रे सोडून बघा. स्प्रेतून रंगीत पाणी आलं तर तो स्प्रे फ्लशच्या लाइनवर जोडलाय. नूतनीकरण करताना प्लंबर जवळची लाइन दिसली की जोडून मोकळे होतात. ते दुरुस्त केल्याशिवाय एसटीपीचं पाणी वर चढवू नका. अंगाला लागणारं पाणी आहे ते.

मुक्काम बेंगळुरू:

मीटरबद्दल लिहिते. आमच्या इमारतीत मीटर होते, तरी २०२४ च्या मार्चपर्यंत कुणी आकड्यांकडे बघत नव्हतं. मग इथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर, बागेला घालण्यावर बंदी आणली, ५ हजार दंड ठेवला, नळांना एरेटर (पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी) सक्तीचे केले. तेव्हा लोकांना जाग आली.

मीटरची अडचण अशी की आपल्याकडे एका फ्लॅटला एकच पाइप येत नाही. प्रत्येक बाथरूमला वरून वेगळी लाइन उतरते. आमच्या तीन बेडरूमच्या घराला पाच मीटर आहेत. खर्च त्यामुळे वाढतो, म्हणून आधी एका विंगमध्ये बसवून बघा. आणि दर सरळ लावू नका, टप्प्यांनी लावा: माणशी ठरावीक लिटरपर्यंत कमी, त्यापुढे चढता. तुमच्या आजी-आजोबांना तिथे न्याय मिळेल. माणसं किती हे दर सहा महिन्यांनी लिहून घ्यावं लागतं, त्यावरून थोडे वाद होतात, पण निभतात.

एरेटर मात्र उद्याच लावा. बादली आणि घड्याळ घेऊन माझ्या स्वयंपाकघरातला नळ मोजला होता: मिनिटाला १२ लिटर. एरेटर लावल्यावर ४. भांडी तितकीच स्वच्छ निघतात.

शेवंती:

मीटर, एसटीपी सगळं नंतर. आधी गळती. रात्री दोन वाजता जमिनीखालच्या टाकीत पट्टी बुडवून पातळी मोजा, चार वाजता परत मोजा. त्या वेळात कुणी अंघोळ करत नाही. पातळी उतरली तर पाणी कुठेतरी वाहतंय.

कातळ:

पावसाचं गणित मोठ्या आशेने केलं जातं म्हणून स्पष्ट लिहितो. गच्ची १२०० चौरस मीटर धरा. पुण्याचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला समजलं तर हाती ६ लाख ७२ हजार लिटर येतात. म्हणजे ६७ टँकर, तुमच्या हिशोबाने आठ-साडेआठ दिवसांचं टँकरचं पाणी. करावं नक्की, पण त्यावर एप्रिल निघेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आपल्या खाली बेसॉल्टचा कातळ आहे. पाणी त्यातल्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत राहतं. बोअरला पाणी लागतं ते अशा भेगेतून, आणि तीच भेग शेजारच्या चार सोसायट्यांच्या बोअरही उपसत असतात. तुम्ही जिरवलेलं पाणी फक्त तुमच्याच बोअरला येईल असं नाही. म्हणून जमलं तर शेजारच्यांना बरोबर घ्या. आटलेल्या बोअरमध्ये सोडणार असाल तर आधी गच्ची झाडून घ्या, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर काढा आणि वाळू-खडीच्या फिल्टरमधूनच आत जाऊ द्या. घाण एकदा खाली गेली की काढता येत नाही. कुठे जिरेल हे भूजल जाणणाऱ्या माणसाकडून बघून घ्या, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे.

कालवाकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवसांत जे झालं ते लिहिते.

शेवंतीताईंचं आधी केलं. वॉचमनकाका टॉर्च धरून उभे होते, मी पट्टी बुडवली. टाकी सहा बाय चार मीटरची. दोन ते चार या वेळात पातळी ४ सेंटीमीटर उतरली. ९६० लिटर! दिवसाचे साडेअकरा हजार, म्हणजे एक टँकर रोज कुणीही न वापरता जात होता. बी विंगच्या वरच्या टाकीचा बॉलकॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता नळ) अडकला होता आणि पाणी पावसाच्या पाइपातून गुपचूप गटारात उतरत होतं. शिवाय नऊ घरांचे फ्लश गळके निघाले. बॉलकॉक बदलला, फ्लशचे वॉशर बदलले. आठवा टँकर सोमवारपासून बंद आहे.

गाळकरी दादा, तुमचं दोन्ही खरं निघालं. ब्लोअर रात्री अकरा ते पाच बंद असायचा. आता चालू आहे, आणि मोजपात्रातला गाळ काळ्याचा तपकिरी व्हायला लागलाय. रंगाची परीक्षा १४१ घरांत झाली, तीन घरांचे जेट स्प्रे फ्लशच्या लाइनवर सापडले. काकूंनी स्वतः माझ्याबरोबर सी विंगचे चार मजले केले. २७ घरं बंद आहेत, मालक बाहेरगावी किंवा परदेशात. त्यांच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही आणि ती घरं तपासल्याशिवाय व्हॉल्व्ह फिरवायचा नाही असं मी ठरवलंय.

तर आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बंद घरांची फ्लशची लाइन तेवढी बाहेरून, डक्टमधून (पाइपांच्या मोकळ्या जागेतून) तोडून ठेवता येते का, की ते नियमात बसत नाही? आणि एसटीपी चालवणाऱ्याच्या करारात ब्लोअरचे तास, फिल्टरची रोजची धुलाई आणि दर महिन्याची पाण्याची तपासणी ही कलमं कुणी घातली असतील, तर त्यांचे शब्द इथे द्याल का? करार ३० तारखेला संपतोय.