मदत हवी आहे: राजकीय तडजोडीमुळे धोरण सुधारल्याची ठोस उदाहरणे सोमवारपूर्वी हवीत

चोपड्याची शिक्षिका (शुक्रवार, रात्री ९.१०)
नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीला सोमवारी जळगावला वादविवाद स्पर्धेच्या जिल्हास्तरीय फेरीत बोलायचे आहे. सरकारने राजकीय तडजोड केली आणि तरीही धोरण बिघडले नाही, उलट सुधारले, अशी दोन-तीन पक्की उदाहरणे सालांसह हवी आहेत. माझ्याजवळच्या टिपणांत कोणते सरकार कधी आले आणि कधी पडले, एवढेच आहे. तडजोड चांगली की वाईट यावर कृपया प्रवचन देऊ नये. ते मी गेले आठ दिवस शिक्षक-कक्षात ऐकते आहे.

निवृत्त मंडळ अधिकारी, पारोळा (रात्री ९.३२)
ताई, आपला प्रश्न अर्धाच आहे. स्पर्धेचा विषय नेमक्या कोणत्या शब्दांत दिला आहे? मुलगी अनुकूल बाजूने बोलणार की प्रतिकूल? केंद्र सरकारविषयी बोलायचे की राज्य सरकारविषयी? वेळ किती मिनिटांचा आहे आणि खंडनाची फेरी आहे का? सातबारा न दाखवता मोजणी करून द्या म्हटल्यासारखे झाले हे.

फैजपूरचा अभिमानी (रात्री ९.५०)
उदाहरण आपल्या घराजवळ असताना दिल्लीकडे पाहण्याचे कारण काय? डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन होते आणि अध्यक्ष पंडित नेहरू होते. तेथे शेतकऱ्यांसाठी जो कार्यक्रम मंजूर झाला, त्यात शेतसारा व खंड कमी करणे आणि कर्जाचा भार हलका करणे या मागण्या होत्या. मात्र जमीनदारी रद्द करण्याची मागणी त्यात घातली गेली नाही, कारण पक्षात दोन्ही विचारांची माणसे होती. प्रांतिक सरकारांत मंत्रिपदे स्वीकारावीत की नाही, हा प्रश्नही तेथे न सोडवता निवडणुकीनंतर पाहू म्हणून पुढे ढकलला गेला. तडजोड असावी तर अशी. विद्यार्थिनीने सुरुवात फैजपूरनेच करावी, असा माझा आग्रह आहे.

चोपड्याची शिक्षिका (रात्री १०.०५)
फैजपूरविषयी आदर आहे, परंतु ते पक्षाचे अधिवेशन होते, सरकार नव्हते. विषय असा आहे: "अल्पमतातील किंवा आघाडीच्या सरकारने केलेली तडजोड म्हणजे धोरणाचा पराभव होय." आम्ही प्रतिकूल बाजूने आहोत. केंद्र आणि राज्य दोन्ही चालेल, मात्र स्वातंत्र्यानंतरचेच सरकार हवे. वेळ सहा मिनिटे, शिवाय दोन मिनिटांचे खंडन. हे सर्व विषयावरून लक्षात येईल असे मला वाटले होते.

निवृत्त मंडळ अधिकारी, पारोळा (रात्री १०.११)
विषयच आपण आत्ता सांगितला आहे, ताई.

कपाशीवाला, शिरपूर (रात्री १०.४०)
प्रतिकूल बाजू घेऊन मुलीला अडचणीत टाकू नका. तडजोडीने धोरण कसे मरते, हे आम्ही कापूस एकाधिकार खरेदी योजनेत पाहिले आहे. ती योजना १९७२ च्या हंगामात सुरू झाली, आणि राज्यातला कापूस फक्त सरकारी खरेदी केंद्रावरच विकायचा असा नियम झाला. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायचे, हा हेतू उत्तम होता. पुढे मात्र बाजार काय म्हणतो ते न पाहता राजकारणाला परवडेल असा भाव जाहीर करायचा आणि तोटा योजनेच्या खात्यावर लिहायचा, अशी रीत पडली. मी आठवीत असताना आमची बैलगाडी खरेदी केंद्राच्या रांगेत तीन दिवस उभी होती. ग्रेडरने मूठभर कापूस हातात घेऊन चुरगाळला, पुन्हा गाडीत टाकला आणि प्रत उतरवली. चुकाऱ्यासाठी तर पुढचा पोळा उजाडला. त्यानंतरच्या वर्षी वडिलांनी गाडीच्या चाकांना रात्री तेल घातले, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून ठेवल्या आणि पळासनेरच्या बाजूने कापूस हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात सेंधव्याला नेला. सरकारच्या लेखी ती चोरटी वाहतूक होती, आमच्या लेखी तो रोख पैसा होता. अखेर २००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा द्यावी लागली आणि मक्तेदारी संपली. यापेक्षा मोठा पराभव कोणता असतो?

रोहयोचा जुना कार्यकर्ता, शहादा (रात्री ११.१५)
कपाशीवाले भाऊ, आपला अनुभव खरा आहे, परंतु तो ताईंच्याच उपयोगाचा आहे. एकाधिकार योजना सुरू झाली तेव्हा राज्यात आघाडीही नव्हती आणि अल्पमतही नव्हते. १९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसने विधानसभेच्या २७० पैकी २२२ जागा जिंकल्या होत्या. एवढे बहुमत पाठीशी असलेल्या सरकारच्या योजनेची जर ही गत झाली, तर दोष आघाडीच्या माथी मारता येत नाही. खंडनाच्या दोन मिनिटांसाठी हा मुद्दा राखून ठेवावा.

मुख्य भाषणासाठी मी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याचे उदाहरण सुचवतो. २००४ मध्ये केंद्रात आघाडीचे सरकार आले, ते डाव्या पक्षांच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर उभे होते आणि किमान समान कार्यक्रमात शंभर दिवसांच्या रोजगाराचे वचन होते. डिसेंबर २००४ मध्ये जे विधेयक मांडले गेले, ते या वचनाच्या मानाने फार आखडते होते. हमी फक्त दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना होती आणि कोणत्या भागात ती किती काळ चालू ठेवायची हे सरकारच्या मर्जीवर सोडले होते. डाव्या पक्षांनी, संघटनांनी आणि संसदेच्या स्थायी समितीने त्यावर बोट ठेवले. ऑगस्ट २००५ मध्ये कायदा संमत झाला तेव्हा दारिद्र्यरेषेची अट गेली होती आणि अंगमेहनतीचे काम करायला तयार असलेले कोणतेही ग्रामीण कुटुंब काम मागू शकत होते. २ फेब्रुवारी २००६ रोजी पहिल्या २०० जिल्ह्यांत अंमल सुरू झाला, त्यांत आपले धुळे आणि नंदुरबार हे दोन्ही जिल्हे होते.

दारिद्र्यरेषेची अट किती मोठी होती, हे पाड्यावर गेल्याशिवाय कळत नाही. धडगाव भागात एकाच कुडाच्या घरात राहणाऱ्या दोन भावांपैकी एकाचे नाव यादीत आणि दुसऱ्याचे बाहेर, असे मी स्वतः पाहिले आहे. ती अट राहिली असती, तर बाहेरचा भाऊ ऊसतोडीला गुजरातेतच गेला असता.

नवापूरकर (शनिवार, सकाळी ७.२०)
तडजोडीचा विषय निघालाच आहे तर १९६० विसरू नये. राज्यांची विभागणी झाली तेव्हा डांग तर गुजरातेत गेलेच, शिवाय पश्चिम खान्देशातील नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा भागांतील अनेक गावे सुरत जिल्ह्याला जोडली गेली. आमच्या आजीचे माहेर त्यांपैकीच एका गावात आहे. मुंबई मिळाल्याचा आनंद आम्हालाही आहे, पण तिची किंमत कोणाच्या नात्यागोत्यातून चुकवली गेली, ते कोणत्याही भाषणात येत नाही.

निवृत्त मंडळ अधिकारी, पारोळा (सकाळी ७.४५)
ही वेदना खरी आहे, परंतु तो सीमावाटप होता आणि सरकारही एकाच पक्षाचे होते. त्याने सहा मिनिटांचे भाषण भरकटेल.

रोजगार हमी योजनेविषयी (रोहयो) मात्र मला थोडी दुरुस्ती करायची आहे. आपल्या राज्याचा रोजगार हमी कायदा १९७७ चा आहे, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि त्यात शंभर दिवसांची मर्यादा नव्हती. केंद्राच्या कायद्याने कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस दिले. म्हणजे राज्याच्या योजनेचे जनक वि. स. पागे यांच्या कल्पनेपेक्षा केंद्राचा कायदा तोकडाच नव्हे काय? शिवाय राज्याच्या योजनेमागची खरी तडजोड शहर आणि खेडे यांच्यात होती. नोकरदाराच्या पगारातून १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर कापला जाऊ लागला आणि दुष्काळी गावात त्यातून खडी फोडली गेली. मी स्वतः तो कर भरला आहे आणि हजेरीपटही तपासले आहेत, त्यामुळे दोन्ही टोके मला माहीत आहेत.

रोहयोचा जुना कार्यकर्ता, शहादा (सकाळी ८.३०)
शंभर दिवसांची मर्यादा ही तडजोड होती, हे मान्य आहे. ते लपवू नये असेच मी म्हणेन. एकाच कायद्यात वाटाघाटीने एक गोष्ट वाढली आणि एक गोष्ट घटली, असे विद्यार्थिनीने सांगितले तर परीक्षकांचा तिच्यावर विश्वास बसेल.

नवीन सदस्य, एरंडोल (सकाळी ९.०५)
व्यासपीठावर हात थरथरत असतील तर कागद पुठ्ठ्याला लावून धरावा. सकाळी आल्याचा तुकडा चघळावा आणि थंड पाणी टाळावे. आमच्या मुलाला याने फार फरक पडला.

चोपड्याची शिक्षिका (सकाळी ९.४०)
तिचा आवाज खणखणीत आहे, ती अडचण नाही. खरी अडचण सांगते, जी मी सुरुवातीला लिहिली नाही. महाविद्यालयीन फेरीत समोरच्या मुलाने १९९१ च्या खतांचे उदाहरण दिले, "सरकारला आठवडाभरसुद्धा आपल्या निर्णयावर टिकता आले नाही" असे म्हणाला, आणि माझी विद्यार्थिनी गप्प राहिली. परीक्षकांनी कसेबसे पुढे पाठवले. तोच मुलगा सोमवारीही समोर असणार आहे. मुलीचे वडील केळीच्या बागेत मजुरी करतात आणि स्वतःची दीड एकरही करतात, त्यामुळे तिला ते अधिकच लागले. मलाही त्या प्रकरणाचे तपशील नीट माहीत नाहीत.

केळीपट्ट्यातला दुकानदार, सावदा (सकाळी १०.२५)
हे आधी लिहिले असते तर मी रात्रीच उत्तर दिले असते. आमचे खतांचे दुकान आहे आणि १९९१ साली मी वडिलांच्या शेजारी गल्ल्यावर बसत असे.

जून १९९१ मध्ये नरसिंह राव यांचे सरकार आले तेव्हा त्याच्याकडे बहुमत नव्हते आणि तिजोरीत जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन होते. २४ जुलैच्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंग यांनी खतांच्या किमती सरासरी ४० टक्क्यांनी वाढवल्या. संसदेत गदारोळ झाला, आणि हे लक्षात घ्या की विरोधकांइतकाच जोर स्वपक्षाच्या खासदारांचा होता. ऑगस्टच्या सुरुवातीस वाढ ३० टक्क्यांवर आणली गेली आणि अल्प व अत्यल्प भूधारकांना तीतून वगळले गेले. म्हणजे समोरच्या मुलाचा "आठवडा" चुकीचा आहे, जवळजवळ दोन आठवडे लागले. पण एवढ्यावरून वाद जिंकता येत नाही. सवलत ऐकायला न्याय्य होती. तथापि गल्ल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाकडे जमीन किती आहे, हे दुकानदाराने कसे ठरवायचे? एकच गोणी, दोन भाव. अशी व्यवस्था टिकणे कठीण होते आणि ती टिकली नाही.

खरा घाव त्यानंतरच्या वर्षी बसला. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) खते भावाच्या नियंत्रणातून मुक्त केली गेली, युरिया मात्र नियंत्रणात ठेवला आणि वर तो १० टक्क्यांनी स्वस्त केला. डीएपी (स्फुरदाचे खत) आणि पोटॅशचे भाव चढले, नत्र देणारा युरिया हाताशी राहिला. देशातील नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, ते एका वर्षात ९.५ : ३.२ : १ झाले. केळीला निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या वेळी पोटॅश कमी पडले की घड हलका राहतो, हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. पाने हिरवीगार, घडाला वजन नाही. तेव्हा ही तडजोड वाईट होती, हे मी तरी नाकारणार नाही, आणि ताईंच्या विद्यार्थिनीनेही नाकारू नये.

रोहयोचा जुना कार्यकर्ता, शहादा (सकाळी ११.००)
शेटजी, आपण तर समोरच्या मुलाचीच बाजू मजबूत केली.

केळीपट्ट्यातला दुकानदार, सावदा (सकाळी ११.२०)
पुढचे ऐकून घ्यावे. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यावर आधारित, म्हणजे खतात नत्र, स्फुरद, पालाश किती यावर ठरणारे अनुदान आले, तेव्हाही युरिया बाहेरच ठेवला. तेव्हा आघाडीचे सरकार होते. २०१४ आणि २०१९ मध्ये एकाच पक्षाला लोकसभेत स्पष्ट बहुमत मिळाले, तरीही युरिया बाहेरच राहिला. गोणी ५० किलोंची ४५ किलोंची झाली, त्याला कडुनिंबाचा लेप लागला, पण किलोमागचा भाव जवळजवळ तेथेच, गोणी २६६ रुपये ५० पैसे. माझ्याच दुकानात डीएपीची गोणी १,३५० रुपयांना जाते. सांगायचे ते एवढेच की युरिया नियंत्रणातून सोडण्याचे धाडस अल्पमतानेही केले नाही, आघाडीनेही केले नाही आणि पूर्ण बहुमतानेही केले नाही. मग तो दोष आघाडीचा कसा? सगळ्यांनाच त्या गोणीमागची मते दिसतात.

कपाशीवाला, शिरपूर (दुपारी १२.१०)
हे पटले. मी माझे कालचे "अडचणीत टाकू नका" मागे घेतो. तेल घातलेल्या चाकांची गोष्ट खंडनात वापरायची असल्यास माझी परवानगी आहे.

एक त्रस्त शेतकरी, रावेर (दुपारी १२.३०)
खतांचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्याकडे एका दुकानात युरिया मागितला की सोबत न लागणारी औषधाची बाटली घ्यावीच लागते. तक्रार कोठे करावी? सावद्याच्या शेटजींनी उत्तर द्यावे.

केळीपट्ट्यातला दुकानदार, सावदा (दुपारी १२.४५)
पक्के बिल घ्या आणि पंचायत समितीतील कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. आमच्या दुकानात असे होत नाही. यावर वेगळा धागा काढावा.

चोपड्याची शिक्षिका (रात्री ८.५०)
सर्वांचे आभार. तिच्याशी बसून आराखडा केला. सुरुवात रोजगार हमीच्या कायद्याने, दारिद्र्यरेषेची अट कशी गेली ते सविस्तर, आणि शंभर दिवसांची मर्यादा आपणहून कबूल करायची. खतांचा मुद्दा समोरून आला की नाकारायचा नाही, १९९२ पासून आजपर्यंतचा युरिया एका दमात सांगायचा. परीक्षकांसमोर कोणत्याही पक्षाचे नाव घ्यायचे नाही, असा नियम आहे. तिने विचारले की पक्षाचे नाव नाही, पण गोणीवर छापलेला भाव वाचला तर चालेल का. घरी जाऊन तिने रिकामी गोणी झटकली आणि त्यावरचा भाव व वजन वहीत उतरवून घेतले. गोणी सोबत न्यायची होती, ती मी नको म्हटली.

फैजपूरचा अभिमानी (रात्री ९.१५)
मंत्रिपदांचा प्रश्न फैजपूरला पुढे ढकलला, तो जुलै १९३७ मध्ये सुटला आणि मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे सरकार आले. म्हणजे सरकार होतेच. एक वाक्य तरी घ्यावे.

चोपड्याची शिक्षिका (रात्री ९.२०)
स्वातंत्र्यानंतरचे, दादा. स्वातंत्र्यानंतरचे.