मदत हवी आहे : ऑसलानमधल्या डिपिक्टिंग साइन्स प्रायमरीच्या मुलांना कशा शिकवायच्या? (अर्जंट)

यारातीर :
नमस्कार मंडळी, इथे कोणी ऑसलान (ऑस्ट्रेलियातली सांकेतिक भाषा) शिकवतं का? किंवा कोणाची मुलं शिकतायत? टर्म वनपासून रंग, प्राणी, घरातली माणसं सगळं मस्त झालं, आता डिपिक्टिंग साइन्स (हाताच्या आकाराने एखादी वस्तू किंवा माणूस कुठे आहे, कसा हलतो ते दाखवायचं) सुरू केल्या आणि पार रुतलोय. दोन आठवडे झाले. चित्र एवढंच की गाडी घराजवळ थांबते, माणूस उतरतो आणि घरामागे जातो. तर अर्धी पोरं 'गाडी'ची साइन करून ते स्टिअरिंग फिरवत वर्गभर पळत सुटतात, आणि उरलेली डायरेक्ट तळवा आडवा करून सुंऽऽऽ आणि ढाण. प्रत्येक गोष्टीचा शेवट ॲक्सिडेंट. साइनबँकमध्ये (ऑसलानचा ऑनलाइन शब्दकोश) शोधलं तर तिथे हे मिळतच नाही. गुरुवारी असिस्टंट प्रिन्सिपल वर्ग बघायला येणार आहेत. कृपया 'यूट्यूब बघा' सांगू नका, बघून झालंय.

कोथरूड_टू_पर्थ :
माझ्या भाचीला अमेरिकेत बेबी साइन शिकवलं होतं, आठव्या महिन्यात दूध मागायची हाताने. बहिणीकडे एक छान ॲप आहे, हवं तर नाव विचारतो.

यारातीर :
अहो ते एएसएल, अमेरिकन साइन लँग्वेज. वेगळी भाषा आहे ती. ऑसलान ब्रिटिश साइनच्या घरातली, अक्षरं दोन हातांनी करतात. ॲप नको.

मधली_सुट्टी :
आधी हे सांगा, इयत्ता कुठली? मुलं ऐकणारी की कर्णबधिर? तुमचं स्वतःचं ऑसलान कितपत? २०१६ साली जो ऑसलानचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला त्यात पहिली भाषा म्हणून शिकणाऱ्यांचा आणि दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांचा मार्गच वेगळा आहे. नुसतं 'पोरं' म्हणून काय कळणार.

यारातीर :
सॉरी, मला वाटलं लिहिलंय. मेलबर्न, इयर थ्री-फोर एकत्र, २४ मुलं, सगळी ऐकणारी. आठवड्याला एक तास. मी ऑसलानचं सर्ट थ्री (सर्टिफिकेट थ्री) केलंय.

निमिष७९ :
ताई, एवढं डोकं का लावताय, आपल्याकडे हे हजारो वर्षांपासून आहे. भरतनाट्यमचे २८ असंयुत हस्त, म्हणजे एका हाताच्या मुद्रा घ्या. पताका म्हणजे तुमचा सपाट तळवाच की! माझी मुलगी सात वर्षांची आहे, सगळे हस्त श्लोकासकट पाठ आहेत.

शांत_गोंगाट :
निमिष, राग मानू नका पण ही भाषा आहे, नाच नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची, कर्णबधिर, आम्ही ब्रिस्बेनला असतो, घरात ऑसलानच चालते. सपाट तळवा म्हणजे गाडी असं काही कोरलेलं नाही, तो टेबल असेल, रस्ता असेल, भिंत असेल. म्हणून आधी 'गाडी'ची ठरलेली साइन करायची आणि मग तळवा पुढे आणायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की आता हा तळवा म्हणजे ती गाडी. मी घाईत नुसता तळवा सरकवला की लेक माझं मनगट धरते आणि भुवया आवळून विचारते, काय? कोण? तुमची ढाणवाली पोरं ओळख करून न देताच गाडी सोडतायत.

आणि साइनबँकचं म्हणाल तर तो शब्दकोश आहे. 'गाडी घराला वळसा घालून गेली' ही साइन त्या क्षणी तयार होते, कोशात कशी असेल? 'भेटणे' तिथे मिळेल, कारण दोन उभी बोटं जवळ येणं हे आता घट्ट होऊन शब्दच झालंय.

निमिष७९ :
नाच नाही, शास्त्र आहे ते. असो.

मधली_सुट्टी :
शांत_गोंगाट बरोबर आहेत, पण वर्गात २४ असतात तेव्हा इतकं हळुवार जमत नाही. मी ॲडलेडला प्रायमरीत शिकवते, माझा नियम असा की पहिले तीन तास हाताचे फक्त दोन आकार. उभं बोट म्हणजे माणूस, सपाट तळवा म्हणजे गाडी. भिंतीवर तक्ता लावायचा आणि तिसरा आकार मागितला तरी द्यायचा नाही.

दुसरं म्हणजे जे हलत नाही ते आधी. आधी घर, मग गाडी. डावखुरं नसेल तर डाव्या हाताने घराची जागा धरायची, उजव्याने गाडी आणायची. आपल्या मराठी डोक्याला हे सोपं जातं, आपण 'कपाटावर डबा आहे' म्हणतो, कपाट आधी. इंग्लिशमध्ये डबा आधी आणि कपाट मागून, म्हणून ही पोरं गाडी आधी हवेत आणतात आणि मग घर शोधत बसतात.

यारातीर :
अगदी अगदी!! आणि घर केलं तरी गाडी येईपर्यंत तो हात खाली पडलेला असतो. मग गाडी कशाजवळ थांबली?

मधली_सुट्टी :
त्याला आमच्याकडे 'घर उडालं' म्हणतात. कोणाचं घर उडालं की बाकीच्यांनी टेबल वाजवायचं. दोन तासांत हात टिकायला लागतात.

शांत_गोंगाट :
तक्ता मात्र लावू नका हो. एकदा 'उभं बोट = माणूस' पाठ झालं की खांब दाखवायची वेळ आली तर मुलं अडतात. आणि त्या स्टिअरिंगवाल्यांना ओरडू नका. त्यांच्या अंगात ड्रायव्हर आलाय, आणि अंगात येणं हा ऑसलानचाच भाग आहे, चांगला गोष्ट सांगणारा ते करतोच. फक्त पळायचं नाही, बसल्या जागी. आधी अंगात आणून ड्रायव्हरचा चेहरा दाखव, मग तोच प्रसंग लांबून, तळव्यावर. दोन्ही एकदम केलं की एवढा मोठा ड्रायव्हर आणि एवढीशी गाडी अशी खिचडी होते.

मधली_सुट्टी :
तक्त्याशिवाय ३० मुलांना शिकवून दाखवा मग बोलू. 🙂

आजोबा_डँडेनाँग :
छान उपक्रम. आमच्या गावी मूकबधिर विद्यालय होते, तिथली मुले सुंदर चित्रे काढत. त्यांना पण हीच भाषा का?

शांत_गोंगाट :
काका, कर्णबधिर म्हणा. मूक नाहीत ती, हातांनी भरपूर बोलतात, माझी तर गप्पच बसत नाही. आणि नाही, भारतात भारतीय सांकेतिक भाषा, ती वेगळी.

आजोबा_डँडेनाँग :
चूक सुधारतो. धन्यवाद.

कोथरूड_टू_पर्थ :
यारातीर, एक अवांतर, तुमचं व्हीआयटी (व्हिक्टोरियातलं शिक्षकांचं) रजिस्ट्रेशन व्हायला किती दिवस लागले? बायको इकडून मेलबर्नला यायचं म्हणतेय.

मधली_सुट्टी :
यारातीर, तुम्ही मुलांच्या समोर उभ्या राहून दाखवता का? मग डावं-उजवं उलटत असणार. मी दोन मिनिटं सरळ पाठ करून उभी राहते.

शांत_गोंगाट :
पाठ??? साइनच्या तासाला? चेहरा कुठे दिसणार मग? रुंद, अरुंद, अगदी जवळून गेली, हे निम्मं गालांवर आणि डोळ्यांत असतं. मुलांना पाच-पाच करून आपल्या बाजूला बसवा, खुर्च्या अर्धगोलात.

यारातीर :
उलटतंच. आमच्याकडे एक कॉक्लिअर इम्प्लांटवाला (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) मुलगा आहे, तो एकटाच बरोबर करतो.

शांत_गोंगाट :
थांबा. मघाशी 'सगळी ऐकणारी' म्हणालात ना?

यारातीर :
म्हणजे तो बोलतो, ऐकतो, घरी इंग्लिशच आहे, म्हणून धरलं नाही.

शांत_गोंगाट :
कॉक्लिअरचा बाहेरचा भाग काढून ठेवला की तो कर्णबधिरच असतो, ताई. कुठे बसतो?

यारातीर :
मागे, खिडकीजवळ. 😔 उद्या बदलते.

शांत_गोंगाट :
खिडकीकडे पाठ करून बसवा, म्हणजे त्याच्या डोळ्यांवर उजेड येणार नाही. पण त्याला 'आदर्श विद्यार्थी' करून पुढे उभं करू नका, विचारा आधी. आणि कर्णबधिर माणूस वर्गात बोलवायला शाळेकडे पैसे मागा, सर्ट थ्रीवर एकटीने ओढू नका.

मधली_सुट्टी :
यावर एकमत. गुरुवारसाठी एक खेळ देते. दोघं समोरासमोर, मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा, पण आडोसा फक्त टेबलाला, चेहऱ्याला नाही. एकाकडे लेगोचं घर, गाडी, माणूस मांडलेलं, तो साइन करून सांगतो, दुसरा आपल्या बाजूला तसंच मांडतो. मग पुठ्ठा काढायचा. चुकलं तर तुम्हाला काही बोलावंच लागत नाही.

यारातीर : (गुरुवार, संध्याकाळ)
झालं. पुठ्ठा काढल्यावर पहिल्या फेरीत १२ पैकी ९ टेबलांवर गाडी घराच्या चुकीच्या बाजूला, दुसऱ्या फेरीत ४. मग पोरंच एकमेकांना ओरडायला लागली, तुझं घर उडालं, तुझं घर उडालं. ॲक्सिडेंट झालाच, पण या वेळी आधी घर, मग 'गाडी', मग 'दुसरी गाडी, लाल', मग ढाण. असिस्टंट प्रिन्सिपल हसत होत्या. तो मुलगा पुढे बसला, काही विशेष बोलला नाही, पण जाताना मला माझा अंगठा कुठे चुकतो ते दाखवून गेला.

आता पुढचा प्रश्न, माणूस गाडीतून उतरतो ते उभ्या बोटाने की दोन बोटांचे पाय करून? पोरं भांडतायत.

शांत_गोंगाट :
पायांचं काही काम आहे का बघा. उडी मारली, घसरला, पायरीवर अडखळला तर दोन बोटं. नुसता इथून तिथे गेला तर उभं बोट पुरे.

कोथरूड_टू_पर्थ :
व्हीआयटीचं राहिलं.