मदत हवी आहे: फाइल अपलोडच होत नाहीये

मुलुंडकर:
सकाळपासून अकरा वेळा झालं. दाखल्याच्या अर्जात फाइल टाकली की लाल अक्षरांत 'आकार अयोग्य', पुढचं बटण मेलेलं. परवा कॉलेजात पावती दाखवायची आहे. काय करू? 'सायबर कॅफेत जा' सोडून सांगा.

नाना_निवृत्त:
कसला दाखला? कुठलं पोर्टल? फाइल कशाची?

लोकल_८_१२:
सायबर कॅफेत जा. आमच्या नाक्यावरचा पोरगा दोन मिनिटांत करतो.

मुलुंडकर:
लोकल, वाचलंत का? नाना, मुलीचा नॉन-क्रिमीलेअर, राज्य सरकारच्या पोर्टलवर. रेशनकार्डाचा फोटो आहे, घडीवर चिकटपट्टी लावलेला.

घाटकोपर_डेपो:
मोबाइलचा फोटो ४-५ एमबीचा असतो. दाबून लहान करा.

मुलुंडकर:
तीनदा दाबला हो!

घाटकोपर_डेपो:
अजून दाबा.

अर्धवट_इंजिनिअर:
थांबा. आता किती केबी आहे?

मुलुंडकर:
४१.

अर्धवट_इंजिनिअर:
इथेच गोम आहे. माझ्या वेळी कागदपत्राला ७५ ते ५०० केबी लागायचे. वरची मर्यादा सगळे बघतात, खालचीही असते हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मूळ फोटो घ्या, एकदाच दाबा, दोनशेच्या आसपास आणा.

घाटकोपर_डेपो:
लहान फाइल नको म्हणे! कमाल आहे.

अर्धवट_इंजिनिअर:
फार दाबली की अक्षरं फुटतात, तपासणाऱ्याने वाचायचं काय? नियमाबद्दल तक्रार नाही. पण 'तुमची फाइल ४१ केबी, किमान ७५ हवी' एवढं लिहायला काय जातं?

हक्कदार:
लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वाचा. मुदतीत दाखला दिला नाही तर अपील करता येतं. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड!

अर्धवट_इंजिनिअर:
अहो, अर्जच गेला नाही अजून. दंड कसला करताय?

नाना_निवृत्त:
ताई की दादा ते कळत नाही, पण जिल्हा कोणता निवडलात?

मुलुंडकर:
ताई. मुंबई शहर. अजून कुठला?

नाना_निवृत्त:
वाटलंच. मुलुंड मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं, तालुका कुर्ला. उपनगरात तालुके तीनच: अंधेरी, बोरिवली, कुर्ला. आधी ते बदला, नाहीतर अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन बसेल.

लोकल_८_१२:
मुलुंड ठाण्यात घालून टाका एकदाचं.

मुलुंडकर:
खबरदार! आमचा पिनकोड मुंबईचाच आहे.

मुलुंडकर:
नाना, जिल्हा बदलला. फाइलपण गेली, १८६ केबी!! आता पैसे भरताना ओटीपी येत नाहीये.

नाना_निवृत्त:
मोबाइल नंबर कुणाचा दिलाय?

मुलुंडकर:
ह्यांचा. ते ऑफिसात, फोन सायलेंटवर.