स्नॅपशॉट टाकणारे हौशी, मग रिलीज काय आभाळातून पडतं?

खटपट्या:
काल इथे स्थिरबुद्धी यांनी लिहिलं की ओपनबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा स्नॅपशॉट, म्हणजे विकास चालू असताना जवळजवळ रोज निघणारी आवृत्ती, हा कच्चा माल, शहाण्याने सहा महिन्यांनी येणारं रिलीज घ्यावं, बाकी सगळे हौशे नवशे गवशे. वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितोय, लांबणार आहे.

६.६ आवृत्तीसोबत सिसअपग्रेड हे सिस्टीम अपग्रेड करणारं साधन आलं, २०१९ साली, तेव्हापासून माझ्या रोजच्या लॅपटॉपवर करंटच, म्हणजे विकासाची चालू शाखाच, आहे. जेवायला बसायच्या आधी सिसअपग्रेड डॅश एस मारायचं, मशीन आपलं आपण रीबूट होतं, सिस्टीमच्या फाइलींचे सेट उलगडून पुन्हा उठतं, मग बाकीची पॅकेजेस नवी करायला पीकेजी अ‍ॅड डॅश यू, झालं काम. इतक्या वर्षांत दोनदा अडकलो, दोन्ही वेळा बीएसडी डॉट आरडी या इन्स्टॉलर कर्नलवरून बूट करून दुसऱ्या दिवशीचा स्नॅपशॉट टाकला आणि सुटलो. तुमचं रिलीज येतं कुठून मग? आम्ही सहा महिने ठेचकाळतो तेव्हा ते निघतं. पुढच्यास ठेच मागचा शहाणा, बरोबरे, तुम्ही मागचे. पण ठेच लागलेल्याला हसू तरी नका.

स्थिरबुद्धी:
हसलो नाही, सावध केलं. तुम्हाला दोनदाच लागली, मला पहिल्याच वेळी लागली. एका वायफाय ड्रायव्हरसाठी स्नॅपशॉट टाकला, बेस, म्हणजे मूळ सिस्टीम, नवीन आला, पॅकेजेसचं बिल्ड मागे, आणि पीकेजी अ‍ॅडने प्रत्येक पॅकेजला अमुक लायब्ररी सापडत नाही, तमुक लायब्ररी सापडत नाही असा जप सुरू केला. ब्राउझर बसेना, आणि उपाय शोधायला ब्राउझरच हवा. शिवाय ट्रीमध्ये, म्हणजे अधिकृत सोर्समध्ये, कमिट न झालेले पॅचही कधीकधी स्नॅपशॉटमध्ये चाचणीला घातलेले असतात, म्हणजे सोर्स वाचूनसुद्धा कळायचं नाही आपण काय चालवतोय.

खटपट्या:
एखाद-दोन दिवस थांबला असतात तर पॅकेजेस आली असती. घाई तुमची, बदनामी स्नॅपशॉटची.

सिडवाली:
डेबियन लिनक्सकडून मी बोलते. मार्च २०२४, फाइली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कुणीतरी मुद्दाम ठेवलेलं मागचं दार (बॅकडोर). डेबियनच्या सिड आणि टेस्टिंग, फेडोराच्या रॉहाइड, ओपनसूसच्या टंबलवीड अशा चालू विकासाच्या शाखांत सगळीकडे पोचलं होतं, डेबियन स्टेबलवाले शांत झोपले होते. मी त्या रात्री लॉगिनच्या सगळ्या किल्ल्या (कीज) बदलत बसले होते.

स्थिरबुद्धी:
घ्या, हेच म्हणतोय मी.

सिडवाली:
थांबा, पुढचं ऐका. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला ते सापडलं कुठे? सिडवरच. एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवरचं, लॉगिन साधारण अर्धा सेकंद उशिरा होतंय म्हणून तो खोदत गेला. सगळेच स्टेबलवर बसले असते तर तेच दार पुढच्या स्टेबलमध्ये तुमच्या घरात उघडलं असतं. आयत्या बिळावर नागोबा!

तिसराडोळा:
ते राहू द्या हो, माझं दुखणं वेगळंय. रिलीजवर बग टाकला की पहिलं उत्तर "ताज्या स्नॅपशॉटवर बघा". अरे, मी रिलीज वापरतो ते बघायला लागू नये म्हणूनच ना? मागच्या वर्षी यूएसबीचा एक बग टाकला, हेच उत्तर आलं आणि नंतर सामसूम.

खटपट्या:
रिपोर्टमध्ये काय लिहिलं होतं?

तिसराडोळा:
काय चालत नाही ते. आणि पॅनिकचा, म्हणजे कर्नल कोसळल्यावरच्या स्क्रीनचा, फोटो.

खटपट्या:
हा फोटो! तिरका, अर्ध्या ट्रेसवर फ्लॅशचा पांढरा गोळा, डीमेसेजचा, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीचा, पत्ता नाही. डीडीबी या कर्नल डीबगरच्या प्रॉम्प्टवर ट्रेस हा एक शब्द टाइप करायचे कष्ट नकोत, आणि समोरच्याने फुकटात शनिवार-रविवार घालवून तुमचं यूएसबी दुरुस्त करायचं.

तिसराडोळा:
पॅनिक झाल्यावर यूएसबी कीबोर्ड मेला होता, टाइप कशाने करू, भुवयांनी? तुमच्यासारख्यांमुळेच लोक बग टाकायचे बंद झालेत. नवखा आला की आधी त्याची परीक्षा घ्यायची, मग बघायचं बगकडे.

सिडवाली:
कीबोर्डचा मुद्दा खराय, खटपट्या. तिरकस बोलायचं काम नव्हतं. पण "स्नॅपशॉटवर बघा" हा अपमान नाहीये, दुरुस्ती पडणार ती करंटमध्ये, आणि सहा महिन्यांत तो कोड बदललेलाही असू शकतो. नाहीतर मेलेल्या सापाला काठ्या.

तिसराडोळा:
मग तसं एका ओळीत लिहा ना. "बघा" म्हणजे काय, मी काय जादूचा प्रयोग बघायला आलोय?

खटपट्या:
बरं, कीबोर्डचं मागे घेतो. फोटोचं नाही घेणार.

स्थिरबुद्धी:
तुमचं चालू द्या. मी मघाशी जुन्या लॅपटॉपवर स्नॅपशॉट टाकला, फायरवॉलच्या मशीनला हात लावणार नाही, आधीच सांगतो. वायफाय लागलं. आवाज गेला.

खटपट्या:
अभिनंदन, आलात रांगेत! सेंडबग ही बग कळवायची कमांड रूटने चालवा, डीमेसेज आपोआप जोडलं जातं.

स्थिरबुद्धी:
माहितीये हो. फोटो नाही पाठवत, काळजी करू नका.