चेहऱ्यावरचे भाव न कळणे: मराठीत नेमकं काय म्हणावं?

लेखणी
मेंदूचे आजार असलेल्यांच्या नातेवाइकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय आणि एका शब्दापाशी अडलेय. पक्षाघात, डोक्याला मार, पार्किन्सन, काही प्रकारचे डिमेन्शिया यांत समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग, भीती, दुःख ओळखता येईनासं होतं. नजर शाबूत असते, माणूस ओळखू येतो, पण तो चिडलाय की घाबरलाय ते उमगत नाही. मी 'भावांधत्व' लिहिलं होतं, संपादकांनी खोडून 'भावनाशून्यता' केलं. मला दोन्ही खटकतायत. सुचवा काहीतरी.

बोरू
'भावनाशून्यता' आधी बाद करा. भावना शून्य कुणाच्या? वाचणारी बायको म्हणेल, नवऱ्याच्या. म्हणजे दुसऱ्याचा भाव न कळणाऱ्याला आपण दगड ठरवून मोकळे.

'भावांध'ची गोची वेगळी आहे. मदांध, कामांध, क्रोधांध, धर्मांध ही रांग बघा. मदाने अंध, क्रोधाने अंध. सगळे तृतीया तत्पुरुष. 'रंगांध' तेवढा उलटा, रंगांच्या बाबतीत अंध. मराठी कान पहिल्या रांगेला सरावलाय. 'बाबा भावांध झालेत' म्हटलं की ते भावनेच्या भरात वाहवत गेलेत असंच वाटणार. नेमका विरुद्ध अर्थ!

रात्रपाळी
मेंदूविकारांच्या विभागात काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

नातेवाईक सरसकट म्हणतात, 'ते चेहरा ओळखत नाहीत.' यात दोन तक्रारी दडलेल्या असतात. आम्हाला विचारावं लागतं: समोर *कोण* आहे हे कळत नाही, की *कसा* आहे हे कळत नाही? पहिल्याला प्रोसोपॅग्नोझिया म्हणतात. १९४७ साली बोडामर या जर्मन डॉक्टरने हे नाव दिलं. त्यात सख्खा भाऊ आवाजावरून ओळखावा लागतो, पण तो हसतोय हे चेहऱ्यावरून कळू शकतं. याच्या उलटही रुग्ण असतात. तेव्हा तुमच्या शब्दात नुसता 'चेहरा' नको, 'भाव' हवाच.

तिसरं अलेक्सिथायमिया. त्यात स्वतःच्याच मनात काय चाललंय ते सांगता येत नाही. लोक हे आणि दुसऱ्याचे भाव न कळणं बिनदिक्कत एका पोत्यात भरतात.

आणि पार्किन्सनबद्दल एक. त्यात रुग्णाचा स्वतःचा चेहरा ताठरतो, मुखवटा घातल्यासारखा दिसतो. आत आनंद झालेला असतो, पण तोंडावरची माशी हलत नाही. म्हणजे भाव *दाखवता* न येणं. पुष्कळांना समोरच्याचे भाव वाचणंही जड जातं. घरच्यांना वाटतं, हा मख्ख झाला. पत्रकात ही दोन वाक्यं वेगवेगळी ठेवा, हात जोडून विनंती.

अनुस्वार
'मुखभावबोध' आणि त्याचा अभाव. शास्त्रशुद्ध आहे.

जाता जाता: नाट्यशास्त्रातले आठ स्थायी भाव म्हणजे रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाने चेहऱ्यावरून ओळखता येणाऱ्या ज्या सहा मूळ भावना मांडल्या, त्या यातल्या रती आणि उत्साह सोडून उरलेल्या सहा. मग परिभाषा नव्याने कशाला घडवायची?

बोरू
'मुखभावबोधाभाव'. बोलून बघा एका दमात. पक्षाघाताच्या रुग्णाच्या घरी हा शब्द पाठवणं म्हणजे क्रौर्य आहे.

रात्रपाळी
अनुस्वार, यादी जुळते खरी, पण सगळे भाव एकदम जात नाहीत. आनंद बहुधा शेवटपर्यंत ओळखू येतो. हसू ठळक असतं. हुकतात ते राग, भीती, किळस. हंटिंग्टनच्या आजारात (मेंदूचा एक आनुवंशिक विकार) किळस ओळखणं विशेष बिघडतं असं १९९६ साली मांडलं गेलं. पुढच्या अभ्यासांत रागही तितकाच निसटताना दिसला.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या बाईंचं. ऊर्बाख-वीथे या दुर्मिळ आजारात त्यांच्या मेंदूतला, भावनांशी निगडित असलेला, दोन्ही बाजूंचा अ‍ॅमिग्डाला निकामी झाला. १९९४ च्या शोधनिबंधात नोंद आली की घाबरलेला चेहरा त्यांना ओळखता येत नाही. २००५ मध्ये कारणाचा एक धागा हाती आला: त्या समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नव्हत्या. भीती तर विस्फारलेल्या डोळ्यांतच दिसते. 'डोळ्यांकडे बघा' म्हटल्यावर त्यांना भीती बरोबर ओळखता आली. पण सूचना थांबली की पुन्हा पहिले पाढे.

म्हणून मला 'अंध' खटकतं. इथे दिसणं शाबूत आहे, बघायचं कुठे ते हुकतंय. अर्थात हे त्यांच्यापुरतं. प्रत्येकाची बिघाडाची जागा निराळी.

लेखणी
हे फार कामाचं! मग चाचणीत मराठी शब्द कोणते वापरता? 'जुगुप्सा' म्हटलं तर मलाही चेहरा ओळखता येणार नाही.

रात्रपाळी
'किळस'. फोटोखाली चार शब्द देऊन एक निवडायला सांगितलं, की रुग्ण शब्दाला अडला की चेहऱ्याला ते कळत नाही. ज्याची भाषाच गेलीय त्याला दोन फोटो देऊन 'यांची जोडी लागते का' एवढंच विचारायचं. आणि मराठीची एक सोय आहे: नाक मुरडणे, कपाळाला आठ्या, दातओठ खाणे, तोंड उतरणे. कुठे बघायचं हे वाक्प्रचारातच सांगून ठेवलंय.

घरचाच
पहिल्यांदाच लिहितोय. वडिलांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया आहे, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि कडेचा भाग झिजत जाणारा. आई त्यांच्या समोर बसून रडत होती. गालावरून पाणी ओघळतंय, पदर तोंडाशी. बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, 'पंखा जरा वाढव.' आईला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं.

आमच्याकडे यासाठी आईचाच शब्द आहे. ती म्हणते, 'ह्यांना चेहरा लागत नाही.' एखाद्याचं अक्षर लागत नाही म्हणतो ना, तसं. आता ती तोंडाने सांगते, 'मला वाईट वाटतंय, जवळ बसा.' कधी बसतात, कधी नाही.

बोरू
यापुढे माझी सगळी व्याकरणं पाणी भरतात. अक्षर दिसतं, शाई दिसते, लागत तेवढं नाही. फक्त रात्रपाळींचं ऐकून 'भाव लागत नाही' करू नका, बाजारभाव वाटेल.

अनुस्वार
क्रियापद आहे हे, नाम नाही. शीर्षकाला काय?

लेखणी
शीर्षक 'चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यातली अडचण' ठेवतेय. लांबडं आहे, पण कुणाला दगड ठरवत नाही. पहिल्याच परिच्छेदात 'चेहरा लागत नाही' घेते. घरचाच, आईंची हरकत नसेल तर.

आता पुढचा प्रश्न. मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघात झाला की काहींना आवाजातला रागही कळत नाही. 'वा, छान केलंस!' हा टोमणा त्यांना खरंच कौतुक वाटतो. भाव दाखवणाऱ्या या स्वराच्या चढउताराला शब्द?

अनुस्वार
आहे की. संस्कृतात 'काकु'. मराठी शुद्धलेखनाप्रमाणे अंत्य उकार दीर्घ.

बोरू
म्हणजे 'पक्षाघातानंतर काकू कळेनाशी होते'. छापा.