मदत हवी आहे : सिंगापुरात रस्सा मुरलेले होक्कियन-मी कोणत्या गाळ्यांवर मिळेल?

नमस्कार मंडळी,

सिंगापुरात बरीच वर्षे राहिलेल्या आणि तिथल्या हॉकर सेंटरांमध्ये, म्हणजे एका छताखाली खाण्याचे अनेक गाळे असलेल्या ठिकाणी, नेमाने जेवणाऱ्या सभासदांकडून मला एका पदार्थाबाबत मार्गदर्शन हवे आहे. ‘फ्राइड होक्कियन प्रॉन मी’ (‘मी’ म्हणजे नूडल्स) अशा पाटीखाली मिळणारे कोळंबीचे परतलेले नूडल्स, म्हणजेच होक्कियन-मी, खरोखर उत्तम करणारे गाळे मी शोधत आहे. मी इथे नोकरीनिमित्त राहतो. पुढच्या महिन्यात आई-बाबा मालवणहून येणार आहेत. दोघेही मासळीचे दर्दी असल्यामुळे या शहराने घडवलेला कोळंबीचा हा पदार्थ त्यांना त्याच्या चांगल्या रूपातच खायला मिळावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एक खुलासा आधीच करतो. पेनांगमध्ये याच नावाने कोळंबीच्या रश्श्यातले नूडल्स मिळतात आणि क्वालालंपूरमध्ये दाट काळ्या सोया सॉसमध्ये परतलेले. ते दोन्ही पदार्थ आपापल्या जागी चांगले आहेत, परंतु माझा प्रश्न फक्त सिंगापूरच्या फिकट रंगाच्या, ओलसर प्रकाराबद्दल आहे. त्यात गव्हाचे पिवळे नूडल्स आणि तांदळाच्या शेवया, म्हणजे बी हून, एकत्र असतात. सोबत अंडे, कोळंबी, माकूल (स्क्विड), मुगाचे लांब कोंब, बहुतेक ठिकाणी डुकराच्या मांसाच्या पातळ पट्ट्या आणि ताटलीच्या कडेला संबल ही मिरचीची तिखट चटणी व कलामान्सी हे छोटे लिंबू असते. जुने लोक याला रोचोर मी असेही म्हणतात, कारण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात रोचोर रोडच्या परिसरात हा पदार्थ रुजला, असे सांगितले जाते.

आता मला नेमके काय हवे आहे ते सविस्तर सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपे जाईल. या पदार्थाच्या नावात ‘फ्राइड’ असले, तरी त्याचा जीव परतण्यात जितका आहे तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, रश्श्यात आहे. कोळंबीची डोकी आणि साले डुकराच्या हाडांबरोबर बराच वेळ उकळून स्टॉक तयार करतात. मोठ्या कढईत अंडी आणि नूडल्स प्रखर आचेवर परतून घेतले की त्यावर तो स्टॉक पळीपळीने ओततात आणि झाकण ठेवून नूडल्सना तो पिऊ देतात. पिवळे नूडल्स आपला आकार धरून राहतात, तर तांदळाच्या शेवया रस शोषून घेतात, म्हणून दोन्हींचे प्रमाण आणि झाकण ठेवण्याचा वेळ यांवर सगळे अवलंबून असते. हे नीट जमले तर पहिल्या घासातच कोळंबीच्या डोक्याचा गोडवा लागतो, आणि संबल नंतर कालवायचा की नाही, हा प्रश्न आवडीपुरता उरतो. जमले नाही, तर ताटलीत एकीकडे पाणी आणि दुसरीकडे नूडल्स असे वेगवेगळे पडून राहतात, आणि मग सगळी चव संबलावर आणि लिंबावर सोडून द्यावी लागते. हा दुसरा प्रकार मला घराजवळ वारंवार मिळाला आहे. गर्दीच्या वेळेआधीच मोठा घाणा परतून ठेवायचा आणि गिऱ्हाईक आले की त्यावर थोडा स्टॉक घालून गरम करून द्यायचा, ही पद्धत त्याचे मुख्य कारण असावे असे माझे निरीक्षण आहे. भाडे, कच्च्या मालाचे दर आणि कामाला माणसे न मिळणे हे सारे पाहता गाळेवाल्यांना दोष देण्याची माझी अजिबात इच्छा नाही. तरीही जे अजून थोड्या थोड्या ताटल्यांचा घाणा करून प्रत्येक वेळी नव्याने स्टॉक मुरवतात, त्यांच्यापर्यंत मला पोहोचायचे आहे.

ज्यांची नावे नेहमी घेतली जातात, ते गाळे मला ऐकून माहीत आहेत: ओल्ड एअरपोर्ट रोड फूड सेंटरमधले नाम सिंग, टियोंग बारू मार्केटमधले होंग हेंग, तोआ पायोहमधले तियान तियान लाय आणि सेरंगून गार्डन्सच्या चॉम्प चॉम्पमधले आह हॉक. यांपैकी आह हॉक जाड शेवयांऐवजी बारीक बी हून वापरतात आणि त्यांचा प्रकार बराच कोरडा असतो. तो आवडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र ओलसर, दाटसर, रस नूडल्सना धरून राहिलेला प्रकार हवा आहे. तेव्हा या नावांपैकी त्या पद्धतीचे कोण, आणि सध्या तिथे कढईपाशी मूळ कारागीरच उभे असतात की पुढची पिढी, हे अलीकडे खाऊन आलेल्या कोणी सांगितले तर फार उपयोग होईल. कोळशाच्या शेगडीवर परतणारे गाळे आता मोजकेच उरले आहेत. त्यांपैकी एखाद्याचा अलीकडचा अनुभव असेल, तर तोही कृपया लिहावा.

दुसरा प्रश्न माझ्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. आई-बाबा डुकराचे मांस खात नाहीत. ‘चरबी आणि मांसाचे तुकडे घालू नका’ असे सांगितले, तर गाळेवाले अंकल किंवा आंटी ते सहसा आनंदाने वगळतात. पण स्टॉकमध्ये हाडे असतातच आणि परतायलाही बहुधा डुकराचीच चरबी वापरतात, त्यामुळे वरचे तुकडे वगळून काहीच साधत नाही. हे त्यांच्यापासून लपवून त्यांना खाऊ घालणे मला योग्य वाटत नाही. म्हणून हलाल प्रमाणपत्र असलेल्या, केवळ कोळंबीच्या किंवा कोंबडीची हाडे घातलेल्या स्टॉकवर होक्कियन-मी करणाऱ्या गाळ्यांची माहिती हवी आहे. तिथेही स्टॉक खरोखर मुरवलेला असतो का, हे कृपया स्पष्ट लिहावे. केवळ डुकराचे मांस नाही एवढ्यासाठी बेचव ताटली त्यांच्यापुढे ठेवावी असे मला वाटत नाही.

तिसरी बाब पोफळीच्या विरीची, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या पानाच्या रुंद देठाची. काही गाळे हे नूडल्स विरीवर वाढतात किंवा तिच्यात बांधून देतात आणि गरम नूडल्सचा वाफारा बसला की तिचा मंद वास त्यांत उतरतो. आमच्याकडे परसात पोफळी आहेत, त्यामुळे बाबांना ते पाहून विशेष आनंद होईल. मात्र हा पदार्थ बांधून घरी नेईपर्यंत नूडल्स सगळा रस पिऊन गोळा होतात, असा माझा अनुभव आहे, म्हणून शक्यतो तिथेच बसून खाता येईल असे ठिकाण सुचवावे. बाबांच्या गुडघ्यांमुळे फार वेळ रांगेत उभे राहणे किंवा जिने चढणे जमणार नाही. टियोंग बारूला खाण्याचे गाळे वरच्या मजल्यावर आहेत, तेव्हा तिथे कोणत्या बाजूने गेल्यास लिफ्ट जवळ पडते, हेही कोणाला माहीत असल्यास सांगावे.

प्रतिसाद वाचून घातलेली भर :

तत्परतेने लिहिणाऱ्या सर्वांचे आभार. दोघांनी टेक्का सेंटर या हॉकर सेंटरमधला ‘मी गोरेंग’ हा परतलेल्या नूडल्सचा पदार्थ सुचवला आहे. तो भारतीय मुस्लिम गाळ्यांवरचा तिखट-गोड, लालसर प्रकार आम्हांला आवडतो आणि आई-बाबांना तिथे नेणारच आहे, पण त्यात कोळंबीचा स्टॉक मुरवण्याची क्रिया नसल्यामुळे तो याची जागा घेऊ शकत नाही. एका सभासदांनी घरीच करून पाहण्याचा सल्ला दिला आहे. कोळंबीची डोकी आणि साले आधी तेलात लाल होईपर्यंत परतून मग उकळली, तर घरचा स्टॉक चांगला होतो, यात शंका नाही. परंतु आमच्या सदनिकेत विजेची शेगडी आहे आणि तिच्यावर कढईला ती आच मिळत नाही, ज्यामुळे नूडल्सना किंचित करपल्यासारखा खमंगपणा येतो. शिवाय हॉकर संस्कृतीचा डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत समावेश झाला, तो तिथली माणसे, त्यांचे हात आणि सामायिक टेबलांवरचे जेवण यांसाठी. आई-बाबांनी ते सगळे तिथे बसून पाहावे, असे मला वाटते.

ज्यांनी नुसती सेंटरची नावे दिली आहेत, त्यांना विनंती की गाळ्याचा क्रमांक, साप्ताहिक सुट्टीचा वार आणि नूडल्स साधारण किती वाजता संपतात, एवढे जोडावे. सेंटरे ठरावीक काळाने सफाईसाठी बंद असतात, ते दिवस मी स्वतः तपासून घेईन. ताटलीचा भाव पाच डॉलर आहे की दहा, यावरून माझा निर्णय बदलणार नाही. हलाल गाळ्याबद्दल मात्र अद्याप एकही उत्तर आलेले नाही, तेव्हा ज्यांच्या घरी किंवा कार्यालयात मलय अथवा भारतीय मुस्लिम स्नेही आहेत, त्यांनी कृपया त्यांच्याकडे एकदा विचारून इथे लिहावे.