मुलाचे अडखळणे आणि दोन भाषा

प्रश्न (खानापूर) : माझा साडेचार वर्षांचा मुलगा घरी मराठी आणि बालवाडीत कन्नड बोलतो. गेले आठ महिने 'पा-पा-पाणी' म्हणताना त्याचे डोळे घट्ट मिटतात. दोन भाषांमुळे हे झाले, असे शेजारी म्हणतात. कन्नड बंद करावे काय?

उत्तर (निपाणी) : मुळीच नको. दोन भाषांमुळे तोतरेपणा येत नाही; तो बहुधा २ ते ५ या वयात सुरू होतो आणि पुष्कळ मुलांत आपोआप जातोही. मात्र सहा महिन्यांहून अधिक टिकला, त्यात डोळे मिटण्यासारखी धडपड दिसू लागली, तर वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवावे. (वेखंड उगाळून चाटवा, असे कोणीतरी सांगेलच, ते कानाआड करावे.) सहा वर्षांखालील मुलांसाठीच्या लिडकोम्ब पद्धतीत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली पालकच रोज घरी थोडा वेळ सराव घेतात आणि न अडखळता आलेल्या वाक्याचे कौतुक करतात.

उत्तर (बेळगाव) : कंडक्टरसमोर 'बेळगाव' म्हणताना ओठ मिटूनच राहत, म्हणून मी कित्येकदा पुढच्या गावाचे तिकीट काढले आहे. चाळिशीत उपचार घेतले, तेव्हा ओठ हलकेच टेकवून 'ब' सोडायला शिकलो. अजूनही अडखळतो, पण तिकीट बेळगावचेच मागतो. सविस्तर तपासणी हवी असल्यास म्हैसूरला १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे.